जे गेले, त्यांचं पुढे काय झालं?

‘पाकिस्तानात जा’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. एस.टी.त जागेवरून भांडण झालं, क्रिकेटची मॅच झाली, निवडणूक जवळ आली की कुणाच्या तरी तोंडून ते बाहेर पडतंच. मुलं घरी येऊन विचारतात, ‘अब्बा, ते असं का म्हणाले?’ आपण म्हणतो, ‘लक्ष देऊ नको बेटा, अभ्यास कर.’ सल्ला चांगलाच आहे, पण त्यात उत्तर नाही.

दुसरीकडे मोबाईलवर वेगळंच बोलावणं येतं. कुणी रशियात हेल्परची नोकरी देतो म्हणतो, कुणी थायलंडमध्ये कॉम्प्युटरचं काम. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणी धर्माचं नाव घेऊन इराक-सीरियाला बोलावत होतं. एकजण आपल्याला ढकलतोय आणि दुसरा ओढतोय. दोघांनाही विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे. आपला देश सोडून जे खरोखर गेले, त्यातही जिथे लष्कराचं, एका माणसाचं किंवा एकाच पक्षाचं राज्य आहे अशा ठिकाणी गेले, त्यांचं पुढे काय झालं? शंभर वर्षांचे दाखले आपल्यासमोर आहेत आणि त्यातले काही तर आपल्या मराठवाड्यातलेच आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सौदी, दुबई, कतारला कामाला जाणं म्हणजे देश सोडणं नाही. तिथेही राजेशाही आहे, पण तिथे जाणाऱ्याच्या खिशात भारताचा पासपोर्ट असतो, घरी पैसे येतात आणि सुट्टीत माणूस ईदला घरी येतो. इथे विषय आहे तो पाठ फिरवून दुसऱ्या सत्तेच्या आसऱ्याला गेलेल्यांचा, आणि फसवून तशाच जागी नेऊन सोडलेल्यांचा.

१९२० ची हिजरत

पहिला मोठा दाखला १९२० चा. खिलाफत चळवळ जोरात होती. इंग्रजांच्या राज्यात राहणं योग्य नाही, मुसलमानांनी हिजरत करावी, असा विचार पसरला. काही उलेमांनी त्याला पाठिंबा दिला. मौलाना आझाद यांचंही मत तेव्हा त्याच बाजूचं होतं. अफगाणिस्तानचा अमीर अमानुल्ला खान याने ‘या, तुमचं स्वागत आहे’ असं जाहीर केलं होतं.

सिंध, पंजाब आणि सरहद्द प्रांतातल्या हजारो कुटुंबांनी शेती, गुरंढोरं, घरं येईल त्या भावाने विकली आणि खैबर खिंडीची वाट धरली. ऑगस्ट १९२० पर्यंत किमान अठरा हजार माणसं पलीकडे गेली होती. काही अभ्यासक याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. अफगाणिस्तान गरीब देश. एवढ्या लोकांना खायला काय घालणार, ठेवणार कुठे? त्याच महिन्यात अमीराने दार बंद केलं. बहुतेक लोक परत फिरले. वाटेत भूक, उन्हाळा आणि रोगराईने किती गेले याची नीट मोजदादही झाली नाही. जे परतले त्यांची जमीन दुसऱ्याच्या नावावर झालेली होती. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.

त्यांच्यातले काही तरुण परतले नाहीत. ते आणखी पुढे, ताश्कंदला गेले. तिथे रशियन क्रांतीची हवा होती. ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा पहिला गट बनला, त्याचे सेक्रेटरी मोहम्मद शफीक होते. पुढे यातले बरेच तरुण चोरवाटेने हिंदुस्थानात परतले आणि इंग्रजांनी त्यांना पेशावर कटाच्या खटल्यांत तुरुंगात टाकलं.

मग जे रशियातच राहिले ते तरी सुखी झाले का? सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आयुष्यभर इंग्रजांशी लढले. बर्लिनहून ते सोव्हिएत रशियात गेले आणि तिथेच स्थायिक झाले. १९३७ मध्ये स्टॅलिनच्या पोलिसांनी त्यांना पकडून गोळ्या घातल्या. ताश्कंदच्या त्याच गटातले अवनी मुखर्जी यांचंही त्याच वर्षी तेच झालं. कोर्ट, वकील, अपील असं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. इंग्रज सरकार ज्यांना वर्षानुवर्षं शोधत होतं, त्यांना मारलं ‘मित्र’ सरकारने.

उलट एम. पी. टी. आचार्य यांचं बघा. तेही ताश्कंदच्या गटात होते. तिथल्या कारभाराशी पटेना म्हणून वेळीच बाहेर पडले, युरोपात राहिले आणि १९३५ मध्ये मुंबईला आले. गरिबीत राहिले, पण १९५४ मध्ये वारले ते आपल्या देशात. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२१ मध्ये याच मंडळींबरोबर मॉस्कोला गेले होते. त्यांनी तिथे मुक्काम वाढवला नाही, मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रात नाव कमावलं. जो लवकर निघाला तो वाचला.

आपल्या घरातली गोष्ट

आता मराठवाड्याकडे येऊ. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. रझाकारांचे नेते कासिम रझवी हे लातूरला वकिली करत. भाषणं अशी की ऐकणाऱ्याचं रक्त उसळावं. दिल्लीवर झेंडा फडकवण्याच्या गोष्टी ते करत. त्यांच्या माणसांनी गावोगाव हिंदूंवर अत्याचार केले, आणि विरोधात बोलणाऱ्या मुसलमानांनाही सोडलं नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. हे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं, पण किती घरांत ते घेतलं जातं?

१७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन संपली. त्यानंतर जे घडलं ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. हा अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नव्हता. समितीच्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त फटका उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसला. मेले ते शेतकरी, विणकर, कारकून, दुकानदार. त्यातल्या बहुतेकांनी रझवींची भाषणं ऐकलीही नसतील.

आणि ज्यांच्या भाषणांनी आग लागली ते? रझवी तुरुंगात गेले. १९५७ मध्ये सुटले आणि लगेच पाकिस्तानात निघून गेले. तिथे ते मोठे नेते झाले का? नाही. ज्या पाकिस्तानसाठी इतकं बोलले, तिथल्या राजकारणात त्यांना जागा मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, अयुब खानांचं लष्करी राज्य आलं. सैन्याला दुसऱ्या गावचा पुढारी कशाला हवा? १९७० मध्ये रझवी तिथेच वारले. एकेकाळी लाखोंच्या सभा घेणारा माणूस शेवटी बातमीतही उरला नव्हता.

संस्थानाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचीही अशीच गत झाली. ते हैदराबादला नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये पहारा चुकवून निसटले आणि मुंबईमार्गे कराचीला पोचले. त्या वेळी ही फार मोठी बातमी झाली. आसरा मिळाला. पण हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत धूळ खात पडला आणि निजामाचं राज्य परत आणण्याची भाषा हळूहळू बंद झाली.

या दोघांच्या गोष्टीत आपल्यासाठी धडा आहे. जाणाऱ्याला विमान मिळतं, मागे राहणाऱ्याला मिळत नाही. पुढारी निघून जातो आणि त्याच्या बोलण्याचा हिशोब वसमत, कळमनुरी, सेनगावच्या माणसाला द्यावा लागतो. अजूनही देतोय. ‘पाकिस्तानात जा’ असं ज्याला म्हटलं जातं तो त्या घरातला असतो जे तेव्हा गेलं नाही. पर्याय समोर असताना ज्यांच्या आजोबांनी इथली माती निवडली, त्यांच्याच नातवांना आज हे ऐकवलं जातं.

शायर, लेखक, मंत्री

कुणी म्हणेल, रझवी तर वादग्रस्त माणूस. चांगल्या, शिकलेल्या माणसाचं वेगळं झालं असेल. चला, तेही बघू.

सआदत हसन मंटो मुंबईत सिनेमात होते. जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेले. तिथे ‘ठंडा गोश्त’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. काम नाही, पैसा नाही, मुंबईची आठवण पाठ सोडेना. १८ जानेवारी १९५५ ला, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी ते गेले.

सज्जाद झहीर मोठे लेखक, प्रगतिशील लेखक चळवळीचे संस्थापक. १९४८ मध्ये पक्षाने त्यांना पाकिस्तानात पाठवलं. १९५१ मध्ये रावळपिंडी कटात फैज अहमद फैज यांच्याबरोबर त्यांनाही अटक झाली. चार वर्षं तुरुंगात काढून ते भारतात परत आले, तेही नेहरूंनी लक्ष घातलं म्हणून.

जोश मलिहाबादी यांना भारताने १९५४ मध्ये पद्मभूषण दिलं होतं, नेहरूंशी त्यांची मैत्री होती. उर्दूचं आणि मुलांचं भविष्य तिकडे आहे असं वाटून ते गेले. अयुब खानांच्या काळात त्यांची कुतरओढ झाली, झियांच्या काळात तर ते सरकारच्या काळ्या यादीत गेले. उर्दूसाठी गेलेल्या शायरावर उर्दूला राष्ट्रभाषा म्हणणाऱ्या देशातच अशी वेळ आली.

आणि हे फक्त मुसलमानांचंच झालं असं नाही. जोगेंद्रनाथ मंडल हे बंगालचे दलित नेते. डॉ. आंबेडकरांना १९४६ मध्ये संविधान सभेत बंगालमधून निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. तीन वर्षांत त्यांना कळलं की आपण मंत्री आहोत ते फक्त दाखवण्यापुरते. ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन ते कलकत्त्याला परतले. पण इथेही त्यांचं राजकारण पुन्हा उभं राहिलं नाही.

परत आलेल्यांमध्ये काही नशीबवानही होते. साहिर लुधियानवी लाहोरला एका मासिकाचे संपादक होते. सरकारविरोधी लिखाणामुळे वॉरंट निघालं तेव्हा १९४९ मध्ये ते भारतात निघून आले आणि पुढे मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं. बडे गुलाम अली खाँ यांना भारताचं नागरिकत्व मिळालं ते मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या मदतीने. कुर्रतुलऐन हैदर पाकिस्तानातून परत आल्या आणि १९८९ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला.

पण लक्षात घ्या, झहीर यांच्यामागे नेहरू होते, खाँसाहेबांमागे मोरारजी. भीतीपोटी चार महिन्यांसाठी गेलेल्या साध्या शिंप्यामागे, टांगेवाल्यामागे कोण होतं? जुलै १९४८ पासून परत यायला परमिट लागू लागलं. कित्येकजण परत येऊन बघतात तर घर कस्टोडियनच्या ताब्यात. मोठ्या माणसाची चूक माफ होते, गरिबाची होत नाही.

जगात सगळीकडे हेच

हा प्रकार फक्त आपल्या उपखंडातला नाही. किम फिल्बी हा इंग्लंडच्या गुप्तहेर खात्यातला बडा अधिकारी. आतून तो रशियासाठी काम करत होता. जानेवारी १९६३ मध्ये बैरुतहून पळून मॉस्कोला गेला. त्याला वाटलं होतं की आपल्याला मोठं पद मिळेल. प्रत्यक्षात त्याच्यावरच पाळत ठेवली गेली आणि कित्येक वर्षं त्याला केजीबीच्या मुख्य ऑफिसात पाऊलही टाकू दिलं नाही. दारूत बुडालेली वर्षं गेली. १९८८ मध्ये मेल्यावर मात्र मोठा सन्मान मिळाला.

चार्ल्स जेनकिन्स हा अमेरिकन सार्जंट. व्हिएतनामच्या लढाईला पाठवतील या भीतीने जानेवारी १९६५ मध्ये एका रात्री सीमा ओलांडून उत्तर कोरियात गेला. त्याचा हिशोब असा की तिथून रशियात जाऊ, मग घरी. उत्तर कोरियाने त्याला जवळजवळ ४० वर्षं सोडलं नाही. किम इल-सुंगची शिकवण पाठ करायला लावली, इंग्रजी शिकवायला लावलं, सिनेमात दुष्ट अमेरिकन म्हणून उभं केलं. २००४ मध्ये बाहेर पडला, स्वतःच्या सैन्यासमोर उभा राहिला. शिक्षा झाली ३० दिवसांची. एका रात्रीच्या घाईपायी चाळीस वर्षं गेली.

असं का होतं?

इतकी वेगवेगळी माणसं, इतके वेगवेगळे देश, तरी शेवट सारखाच. त्याची कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे अशा देशात नवीन आलेला माणूस पाहुणा नसतो, तो जाहिरात असतो. ‘बघा, त्यांचा माणूस आमच्याकडे आला’ एवढं जगाला दाखवून झालं की त्याचं काम संपतं. हार सुकले की फेकतातच.

दुसरं कारण अविश्वास. जी सत्ता स्वतःच्या लोकांवर भरवसा ठेवत नाही, ती बाहेरून आलेल्यावर कशी ठेवेल? ‘यानं आपला देश सोडला, उद्या आपल्यालाही सोडेल’ हा संशय तिथल्या अधिकाऱ्याच्या मनात कायम असतो.

तिसरं कारण असं की तुम्हाला बोलावणारा माणूस कायम खुर्चीवर राहत नाही. अमानुल्लाचा विचार सहा महिन्यांत बदलला. पाकिस्तानात १९५८, १९६९, १९७७ आणि १९९९ मध्ये सैन्याने सूत्रं हातात घेतली. दर वेळी आधीच्यांचे लाडके पुढच्यांचे संशयित झाले. कायद्याने दिलेला हक्क सरकार बदललं तरी टिकतो, मेहेरबानी टिकत नाही.

चौथं कारण सगळ्यात मोठं. अन्याय झाला तर दाद कुठे मागायची? चट्टोपाध्याय यांच्यासाठी कोर्टात जाणारं कुणी नव्हतं.

पिढ्या गेल्या म्हणून परकेपणा जातो असंही नाही. उत्तर प्रदेश, हैदराबाद, मुंबईहून कराचीला गेलेल्यांची मुलं-नातवंडं तिथेच जन्मली तरी ‘मुहाजिर’च राहिली. १९९२ मध्ये कराचीत त्यांच्या वस्त्यांवर लष्करी कारवाई झाली. बिहारहून पूर्व पाकिस्तानात गेलेल्या उर्दू बोलणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. १९७१ मध्ये बांगलादेश झाल्यावर ते ना इकडचे ना तिकडचे झाले. ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांमध्ये त्यांच्या पिढ्या दाटीवाटीत जगल्या. २००८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांच्यातल्या नव्या पिढीला नागरिक मानलं, म्हणजे ३७ वर्षांनी.

मागे राहिलेल्यांचं काय?

जाणारा एकटा जातो, किंमत सगळं घर मोजतं. कायदा काय म्हणतो ते समजून घ्या.

आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व संपतं. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची सोय आपल्याकडे नाही.

मालमत्तेचं त्याहून कडक आहे. १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्याने पाकिस्तानला गेलेल्यांची मालमत्ता कस्टोडियनकडे जाते. महमूदाबादच्या राजांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं. बायको आणि मुलगा भारतातच राहिले, भारतीयच राहिले. मुलगा कोर्टात लढला आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकलाही. पण २०१७ मध्ये कायद्यात बदल झाला की वारस भारतीय असला तरी हक्क नाही. भोपाळच्या नवाबांची थोरली मुलगी आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेली. धाकटी साजिदा इथेच राहिली. सैफ अली खान हा या धाकटीचा नातू. तरीही तिथली मालमत्ता २०१५ मध्ये शत्रू मालमत्ता ठरवली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने याचिका निकाली काढून अपील प्राधिकरणाकडे जायला सांगितलं. सिनेमातल्या नटाला मोठे वकील परवडतात. ज्याच्या नावावर दोन एकर हळदीचं रान आहे त्याने काय करावं?

हा कायदा न्यायाचा आहे का, यावर वाद आहे आणि तो व्हायलाही हवा. वडिलांच्या निर्णयाची शिक्षा इथे राहिलेल्या मुलाला का? पण वाद घालायचा तो घालू, कायदा आज असा आहे हे घरात प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आजचे सापळे

आज कुणी झेंडा दाखवून बोलावत नाही, पगार दाखवून बोलावतं. रशियाचं प्रकरण ताजं आहे. तेलंगणा, गुजरात, कर्नाटक, पंजाब, काश्मीर इथल्या पोरांना यूट्यूबचे व्हिडिओ दाखवून ‘हेल्परचं काम आहे, लढाईवर जायचं नाही’ असं सांगितलं. तिथे पोचल्यावर रशियन भाषेतल्या, न वाचता येणाऱ्या कागदावर सह्या घेतल्या आणि थोड्याशा ट्रेनिंगनंतर युक्रेनच्या आघाडीवर पाठवलं. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांवर गुन्हा नोंदवला. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी थेट पुतिन यांच्याकडे विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले. एकूण १२६ भारतीय, त्यातले ९६ परत आले, १२ मारले गेले, १६ बेपत्ता. सप्टेंबर २०२५ मध्येही मंत्रालयाला पुन्हा इशारा द्यावा लागला, म्हणजे पोरं अजून जातच आहेत.

म्यानमारमध्ये २०२१ पासून लष्कराचं राज्य आहे. थायलंडच्या सीमेजवळ तिथे ऑनलाईन फसवणुकीचे अड्डे चालतात. ‘थायलंडमध्ये आयटीची नोकरी’ म्हणून नेलेली मुलं तिथे कोंडून ठेवली जातात आणि त्यांच्याकडून आपल्याच लोकांना लुटायचं काम करून घेतलं जातं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून ५४९ भारतीयांना परत आणलं.

आणि तिसरा सापळा दीनच्या नावाचा. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतीच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे वळले. स्वतःला ‘राज्य’ म्हणवणाऱ्या त्या टोळीने सर्वाधिक मारले ते मुसलमानच. चौघांपैकी एक नोव्हेंबर २०१४ मध्ये परत आला आणि एनआयएने त्याला अटक केली. तपासातून आलेल्या बातम्या अशा की लढाईची स्वप्नं घेऊन गेलेल्या पोराला तिथे पाणी भरायला आणि संडास साफ करायला लावलं होतं. बाकीचे तिघं परतले नाहीत. चार आयांचं काय झालं असेल, ते ज्याच्या घरात औलाद आहे त्याला सांगायला नको.

परतलेल्या तरुणाला सहा वर्षांनी, खटला लांबल्यामुळे, जामीन मिळाला आणि मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये तो कायम ठेवला. आपल्या शेजारच्या परभणीतही २०१६ मध्ये आयसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून तरुणांना अटक झाली. त्यातल्या एकाला हायकोर्टाने २०२१ मध्ये जामीन दिला, तोही पाच वर्षं आत काढल्यावर. यूएपीए कायद्यात जामीन किती अवघड आहे हे त्या घरांना विचारा. इथे उशीर होतो, कधी अन्यायही होतो, तो नाकारायचं कारण नाही. पण दाद मागायला कोर्ट आहे, वकील आहे, वर अपील आहे. मॉस्कोत १९३७ मध्ये नव्हतं आणि रक्कामध्ये २०१४ मध्येही नव्हतं.

मुंबईचा एक शिकलेला तरुण २०१२ मध्ये एका मैत्रिणीसाठी अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात शिरला. राजकारणाचा संबंध नाही. तीन वर्षांहून जास्त काळ आईवडिलांना तो कुठे आहे हेच कळलं नाही. लष्करी कोर्टाने हेरगिरीच्या आरोपाखाली शिक्षा दिली. डिसेंबर २०१८ मध्ये तो वाघा सीमेवरून परत आला. सहा वर्षं गेली.

घरात काय करायचं

परदेशी नोकरी चालून आली तर आधी ईमायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव नोंदणीकृत आहे का ते बघा. नोंदणी असलेल्या एजंटलाही ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. दोन-अडीच लाख मागणारा माणूस तिथेच ओळखा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते. ज्या कागदाची भाषा कळत नाही त्यावर सही करायची नाही. पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही, त्याचे फोटो घरी ठेवायचे. अडचण आलीच तर दूतावास आणि मदद पोर्टल आहे, तक्रार लवकर करा. लाजेपोटी आपण महिना-महिना गप्प बसतो आणि तोच महिना हातचा जातो.

मुलगा रात्र-रात्र मोबाईलवर कुणाशी बोलतो, हे पोलिसासारखं नाही, बापासारखं विचारा. एखादी गोष्ट त्याला खुपत असेल, शाळेत-कॉलेजात अपमान झाला असेल, तर त्याला घरात बोलायला जागा द्या. घरात ऐकून घेणारं कुणी नसलं की बाहेरचा ऐकणारा लगेच सापडतो आणि मग तो त्याची किंमत वसूल करतो.

आणि ‘पाकिस्तानात जा’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं? भांडायचं नाही. एवढंच सांगायचं की ज्यांना जायचं होतं ते १९५७ पर्यंत गेले, आणि त्यांचं काय झालं ते आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९२० मध्ये हिजरतीच्या बाजूने असलेले मौलाना आझादच फाळणीनंतर दिल्लीच्या जामा मशिदीत उभे राहून जाणाऱ्यांना थांबवत होते. मधल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी जे पाहिलं, त्यातून ते तिथवर आले होते. आपल्याकडे तर आता शंभर वर्षांचा अनुभव आहे. तो मुलांना सांगा. सतरा सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं, त्या दिवशी घरी शोएबुल्ला खान यांचीही गोष्ट सांगा. ती सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.